पुण्यातील विशेष विद्यापीठीय अभ्यासक्रम : प्रवेश घेण्याआधी नेमके काय पाहावे?

गणेशखिंड (धागाकर्ता)

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांशी कामाच्या निमित्ताने माझे नेहमी बोलणे होते. आपल्याच विषयात सरळ एम.ए. किंवा एम.एस्सी. न करता एखाद्या विशेष विषयाकडे वळावे, असा विचार करणारी मुले आता पुष्कळ आहेत आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. अडचण पुढे येते. त्यांच्याकडे अभ्यासक्रमांच्या नावांची लांबलचक यादी असते. पण त्या विभागात रोज कोणते काम चालते, कोणाच्या हाताखाली शिकायला मिळणार आणि शिकून झाल्यावर आपल्याला नेमके काय करता येऊ लागेल, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. पुण्यात पुरातत्त्व, भाषाविज्ञान, पाली, संरक्षणशास्त्र, वातावरणशास्त्र, भूमाहितीशास्त्र, जैवमाहितीशास्त्र, साखर तंत्रज्ञान, नगररचना, नाट्य आणि संगीत असे सगळे एकाच शहरात शिकायला मिळते, त्यामुळे निवड चुकण्याची शक्यताही इथे इतर शहरांपेक्षा जास्त आहे.

माझे मत आरंभीच मांडतो. विशेष अभ्यासक्रम निवडताना आधी त्या विभागात चालू असलेले काम पाहावे आणि मग माहितीपत्रक उघडावे. पुण्यातले चांगले विशेष अभ्यासक्रम कामातून जन्मलेले आहेत. आधी काम उभे राहिले, ते करायला जाणती माणसे कमी पडू लागली आणि त्या गरजेतून शिकवणे सुरू झाले.

डेक्कन कॉलेज पाहा. १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९३९ साली पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने उभी राहिली आणि १९९० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुरातत्त्व, भाषाविज्ञान, संस्कृत आणि कोशशास्त्र या मोजक्या विषयांपलीकडे ती पसरली नाही. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तिथे उत्खननाची परंपरा घातली. नेवासे, इनामगाव ही नावे जगभरच्या पुरातत्त्वज्ञांना ठाऊक झाली ती त्यातूनच. संस्कृत कोशाचे काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून प्रत्येकासाठी कागदाची एक चिठ्ठी केली गेली. त्या चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातले त्याचे स्थान लिहिलेले असते. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या कोशविभागाच्या खणांमध्ये वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत. पहिला खंड १९७६ साली निघाला, त्यानंतर तीसहून अधिक भाग प्रसिद्ध झाले आणि काम अजून 'अ' या पहिल्याच अक्षरात आहे. कोणी म्हणेल की इतक्या संथ कामाजवळ शिकून विद्यार्थ्याला काय मिळणार? मला उलट वाटते. एका शब्दाचा अर्थ दोन हजार वर्षांत कसा सरकत गेला हे एकेक दाखला समोर ठेवून ठरवणारी माणसे जिथे शेजारच्या खोलीत बसलेली आहेत, तिथे कोशशास्त्र शिकणे आणि केवळ पुस्तकावरून कोशशास्त्र शिकणे यांत फार अंतर आहे.

वातावरणशास्त्राचेही असेच. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले. ते पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही जुने पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात आणि हवामानाचे मोठे काम पुण्यातच राहिले. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ पासून मॉन्सूनवर काम करते आहे. २०१८ साली तिथे 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हा महासंगणक बसवला गेला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि पाषाण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन पदवी झालेल्या आणि मोठ्या आकडेमोडीची भीती न वाटणाऱ्या विद्यार्थ्याने या विषयाचा विचार जरूर करावा; माझ्या अनुभवात फारच थोडे करतात.

खगोलशास्त्राबद्दल सर्वांना माहीत असतेच. विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका सुरू झाली आणि नारायणगावाजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की या संस्था मुख्यतः संशोधनाच्या आहेत, त्यामुळे तिथे पोहोचण्याचा रस्ता पक्क्या भौतिकशास्त्रातून जातो.

ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवले जाते आणि त्यालाच विद्यापीठाची पदवी मिळते, ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. अभियांत्रिकीकडून आलेल्यांनी सीओईपीमधील, म्हणजे पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, नगररचनेकडे पाहावे. १८५४ पासूनची ही संस्था २०२२ साली राज्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. अर्थशास्त्रासाठी १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था आहे, जिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते आणि महाराष्ट्रातील सहकाराच्या विचाराशी जिचे नाव जोडलेले आहे.

ज्यांनी असे अभ्यासक्रम केले आहेत किंवा जे शिकवतात, त्यांनी इथे सविस्तर लिहावे ही विनंती. वर्गात प्रत्यक्ष काय चालते, हे वाचायला मिळाले तर नव्या मुलांना त्याचा फार उपयोग होईल.

घोडनदी

चांगला विषय घेतलात. मी पुरातत्त्वात एम.ए. केले आहे, त्यामुळे त्याबद्दलच लिहितो.

आमच्या विषयात पहिल्या वर्षी मुलांचे दोन गट पडतात. पहिल्या गटाला नाणी, लेणी आणि मंदिरे आवडतात. त्यांना खापरे धुवायला बसवले की कंटाळा येतो. दुसऱ्या गटाला तेच काम आवडू लागते. उत्खननात चौरस आखून चर खणतात आणि एकेक थर उतरत जातात. चराची उभी भिंत खुरप्याने तासून इतकी साफ करावी लागते की मातीच्या रंगातला आणि पोतातला बारीक फरक डोळ्यांना दिसावा. कुठे राखेचा पट्टा आहे, कुठे जमीन चोपून केलेली आहे, कुठे नंतर कोणी खड्डा खणल्यामुळे खालचे वर आले आहे. प्रत्येक थरातली खापरे वेगळ्या पिशवीत जातात, धुऊन वाळवली जातात आणि प्रत्येकावर स्थळाचे नाव, चर आणि थर यांचा क्रमांक बारीक अक्षरात घातला जातो. हा क्रमांक पुसला गेला किंवा चुकला, तर ते खापर अभ्यासाच्या दृष्टीने निकामी होते. ज्याला हे काम दिवसभर उन्हात बसून मन लावून करता येते, त्याने या विषयात यावे. बाकी सारे शिकता येते.

इनामगावचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरे, धान्य, जनावरांची हाडे आणि दफने यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यामुळे या विषयाला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणारी माणसे लागतात हे आपल्याकडे फार लवकर लक्षात आले. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचा पदवीधर येऊ शकतो, याचे कारण विद्यार्थ्यांना सवलत देणे हे नाही. विषयाचीच ती गरज आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. कायमस्वरूपी जागा थोड्या आहेत. नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे अध्यापनाचा आणि संशोधनवृत्तीचा मार्ग खुला असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडा येथील संस्थेत पदव्युत्तर पदविका करता येते. संग्रहालये, वारसा जतनाची कामे, राज्याचा पुरातत्त्व विभाग येथेही संधी असतात, मात्र त्यांतली बरीच कामे प्रकल्पापुरती असतात. घरची आर्थिक बाजू आणि स्वतःचा संयम यांचा अंदाज घेऊनच यावे.

एक पालक

वरचे दोन्ही प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. ती संख्याशास्त्रात बी.एस्सी. करते आहे आणि तिला पुढे भाषाविज्ञान किंवा पुरातत्त्व यांपैकी काहीतरी करायचे आहे. तिच्या आवडीला आमचा विरोध नाही. चिंता एवढीच आहे की तीन वर्षे शिकलेले संख्याशास्त्र वाया तर जाणार नाही ना, आणि दोन वर्षांनी मन बदलले तर परतीचा मार्ग राहील का. नव्या शैक्षणिक धोरणात एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात असे ऐकले आहे. त्याबद्दल कोणी खात्रीने सांगू शकेल का?

मांजरीकर

या चर्चेत साखरेचा उल्लेख यादीपुरताच आला आहे, म्हणून लिहितो. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो.

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली ऊस उत्पादकांच्या आणि सहकारी साखर कारखान्यांच्या गरजेतून उभी राहिली. तिथे साखर तंत्रज्ञान आणि मद्यार्क तंत्रज्ञान शिकवले जाते. वाइन तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिथे आहे. धागाकर्त्याने काम आधी आणि अभ्यासक्रम नंतर असे जे म्हटले आहे, त्याचे यापेक्षा सरळ उदाहरण मला माहीत नाही.

या अभ्यासक्रमाची खरी परीक्षा गळीत हंगामात होते. उसाचा रस काढला, चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो स्वच्छ केला, आटवून पाक केला, इथपर्यंतचे गणित वहीत सुटते. पुढे पॅनमध्ये दाणा धरायचा असतो. निर्वात पॅनमध्ये पाक शिजत असताना पॅनमन सळईने थोडा नमुना बाहेर काढतो, काचपट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरून दाण्याचा आकार पाहतो. दाणे एकसारखे वाढत आहेत की मधेच बारीक खोटा दाणा तयार होऊ लागला आहे, हे त्याला त्या एका नजरेत कळते. खोटा दाणा झाला तर सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी नीट सुटत नाही आणि साखरेचा रंग व प्रत दोन्ही घसरतात. प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण), पोल (त्यातल्या साखरेचे प्रमाण) आणि शुद्धता मोजून हेच आकड्यांत सांगतो. शिकून आलेल्या मुलाने पॅनमनच्या शेजारी उभे राहून त्याची नजर आणि आपले आकडे यांचा मेळ घालायला शिकले पाहिजे. ज्या मुलाने ते केले, त्याला कारखाना सोडत नाही.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात पाळ्यांमध्ये काम असते, रात्रपाळी चुकत नाही आणि राहणे बहुधा कारखान्याच्या वसाहतीत, शहरापासून लांब असते. पुण्यातच राहायचे असे ठरवलेल्यांनी या क्षेत्रात येऊ नये.

सकाळचा वर्ग

परदेशी भाषांबद्दल थोडे लिहिते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश या भाषांचे प्रमाणपत्र, पदविका आणि उच्च पदविका असे टप्पे तिथे आहेत आणि नोकरी किंवा दुसरे शिक्षण सांभाळून ते करता येतात. मी जर्मन तिथेच शिकले.

विशेष अभ्यासक्रम म्हणून भाषा शिकताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. विद्यापीठाचे प्रमाणपत्र शैक्षणिक नोंदीसाठी उपयोगी असते. कंपन्या मात्र बहुधा जर्मनसाठी ए१ ते सी२ या पातळ्या आणि जपानीसाठी एन५ ते एन१ या पातळ्या विचारतात. म्हणून विद्यापीठात शिकत असतानाच त्या त्या पातळीची परीक्षा देत जावे. जपानीची ही परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. भाषांतर करायचे असेल तर केवळ भाषा पुरत नाही. यंत्रे, औषधे, कायदा यांपैकी एखादे क्षेत्र आतून माहीत असलेला भाषांतरकार कायम कामात असतो. चाकणच्या कारखान्यांमध्ये यंत्राची पुस्तिका भाषांतरित करताना वाहनाचे सुटे भाग ज्याला ओळखता येत नाहीत, त्याचे पानापानावर अडते.

वाचनमात्र

मी पुण्यातल्या एका खासगी संस्थेत न्यायवैद्यक विज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. माहितीपत्रकात 'मास्टर' असा शब्द होता. नोकरीसाठी अर्ज करायला गेल्यावर समजले की ती पदवी नव्हे आणि ते प्रमाणपत्र सरकारी भरतीत ग्राह्य धरले जात नाही. शुल्क मोठे होते, प्रयोगशाळा नावापुरती होती. अशा वेळी आधी नेमके काय तपासायचे असते, हे कोणी लिहिले तर इतरांचे नुकसान टळेल.

गणेशखिंड

सर्वांचे मनापासून आभार. मांजरीकर, दाण्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे तसे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

वाचनमात्र यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत निकडीचा आहे आणि त्यांच्या बाबतीत जे घडले ते अन्यायाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, कलम ३ खाली अभिमत ठरलेल्या संस्थेला, किंवा संसदेने कायद्याने खास तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. त्यामुळे संस्थेचे नाव आणि इमारत कितीही मोठी असली, तरी पहिला प्रश्न एकच विचारावा : गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार आहे? उत्तर तोंडी घेऊ नये. 'आमचा अमुक विद्यापीठाशी करार आहे' असे सांगितले, तर त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर संलग्न संस्थांच्या यादीत हे नाव आणि हाच अभ्यासक्रम आहे का, ते पाहावे. पदविका आणि प्रमाणपत्रे वाईट असतात असे मी म्हणत नाही. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटने पदविकांच्या बळावरच देशातले उत्तम छायालेखक आणि संकलक घडवले. पण तिथे पदविका ही पदविका म्हणूनच सांगितली गेली, आणि छायालेखन शिकणारा मुलगा प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर शिकतो.

दुसरी तपासणी श्रेयांकांची. एक तात्त्विक श्रेयांक म्हणजे साधारणपणे १५ तासांचे अध्यापन आणि एक प्रात्यक्षिक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे काम. अभ्यासक्रमाची संपूर्ण प्रत मिळवून क्षेत्रकार्य, प्रयोगशाळा आणि प्रबंध यांना मिळून किती श्रेयांक आहेत ते मोजावे. ज्या विषयाचा जीव प्रत्यक्ष कामात आहे, त्याच्या अभ्यासक्रमात जवळजवळ सारे श्रेयांक वर्गातल्या व्याख्यानांचे असतील, तर तिथे जाऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यानंतर विभागातल्या पूर्णवेळ प्राध्यापकांची संख्या विचारावी. मंजूर जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर वर्ग चालवले जाणे ही आपल्या विद्यापीठांची फार मोठी दुखरी जागा आहे आणि लहान विभागांना तिचा फटका सर्वांत जास्त बसतो. मोठ्या विभागात एक जागा रिकामी राहिली तर भागते, पाच जणांच्या विभागात दोन जागा रिकाम्या राहिल्या की एखादी संपूर्ण शाखाच शिकवली जात नाही. पाली, भाषाविज्ञान यांसारख्या विषयांना महाराष्ट्रात विद्यार्थी मिळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी शिक्षक किती नेमले जातात हेही पाहावे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करता येतात. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातले असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन असाही मार्ग आहे. पीएच.डी.ला ही सोय नाही. तथापि परवानगी असली तरी तुमच्या मुलीने दोन पदव्युत्तर पदव्या एकत्र घ्याव्यात असे मला वाटत नाही. क्षेत्रकार्य असलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी काही आठवडे गावाबाहेर असतो आणि तेव्हा दुसऱ्या अभ्यासक्रमाची उपस्थिती बुडते. त्याऐवजी रानडेमधला भाषेचा वर्ग किंवा विदासंबंधी (डेटासंबंधी) एखादा छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम जोडीला घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

तिचे संख्याशास्त्र वाया जाणार नाही. भाषाविज्ञानात आज बोलीभाषांची ध्वनिमुद्रणे आणि मोठे शब्दसंग्रह यांवर काम चालते. मराठीचा एखादा प्रत्यय कोणत्या भागात किती वेळा आणि कोणाच्या बोलण्यात येतो हे ठरवायला नमुना कसा निवडावा, हे जाणणारी माणसे त्या विषयात कमी आहेत.

घोडनदी

पुरातत्त्वाच्या बाजूने त्यात भर घालतो. एका हंगामाच्या उत्खननात खापरांची संख्या हजारांत जाते. ती सारी तपासणे शक्य नसते, म्हणून नमुना निवडावा लागतो, आणि तो निवडण्याची पद्धत चुकली तर पुढचे सारे निष्कर्ष डळमळतात. हाडांची मापे, धान्याच्या जळक्या दाण्यांचे प्रमाण, कार्बन कालमापनातील चुकीची मर्यादा, हे सारे संख्याशास्त्रच आहे. माझ्या वर्गात गणित येणाऱ्यांना इतर सगळे जण शोधत येत असत.

मुलीला घेऊन एकदा दोन्ही विभागांत जाऊन या. प्रवेशाची गर्दी असते त्या आठवड्यात नको. सत्र चालू असताना जा. प्राध्यापकांना भेटण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि त्यांचे प्रबंध कोणत्या विषयांवर चालले आहेत, त्यासाठी सामग्री कुठून मिळते आणि मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, एवढेच विचारा.

एक पालक

आपणां सर्वांचे आभार. पुढच्या महिन्यात सत्र चालू असतानाच जाणार आहोत. दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रती मुलीने उतरवून घेतल्या आहेत आणि ती क्षेत्रकार्याचे श्रेयांक मोजते आहे. वाचनमात्र यांनी आपला अनुभव लिहिला याबद्दल त्यांचे विशेष आभार, कारण आमच्या यादीतल्या एका खासगी संस्थेला गुणपत्रिकेबद्दल विचारल्यावर तिच्याकडून उत्तर आलेले नाही आणि ते नाव आम्ही यादीतून काढले आहे.